आठ आयांचा डॅनी

बस पोरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडकाय. इकडे खिडकीशी बस. कॉलेजनं पाठवलंय म्हणालीस ना? बाळघराच्या जुन्या फायली लावायच्यात, त्या बाळांचे पत्ते शोधायचेत, आणि तिथं काम केलेलं कुणी जिवंत उरलंय का ते बघत बघत तू माझ्यापर्यंत आलीस. बरं केलंस. मी काही शिकलेला माणूस नाही. सहावीत शाळा सुटली, मग जन्मभर कोळसा, बॉयलर आणि नळ. पण तुझ्या फायलीत नाही अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे. सांगतो. मात्र पुरी ऐकल्याशिवाय उठायचं नाही. कॉफी गार झाली तर दुसरी करू.

अडतीस साल. तेव्हा आपल्या कॉलेजात पोरींना संसाराचं शास्त्र शिकवायचे. हसू नकोस, खरंच शास्त्र म्हणायचे. स्वयंपाक, शिवण, घराचं बजेट, आणि शेवटच्या वर्षाला बाळ. आता बाळ आणायचं कुठून? तर अनाथाश्रमातून उसनं. पुस्तक आणावं तसं. चार महिन्यांचं आणायचं, कॉलेजचं वर्ष संपेपर्यंत वाढवायचं आणि परत द्यायचं. टेकडीवरच्या त्या पांढऱ्या घरात आठ पोरी राहायच्या. प्रत्येकीला एक आठवडा आईपण. सोमवारी सकाळी एक आई जायची, दुसरी यायची. नवव्या सोमवारी पहिली परत. बाळाला नाव घरच द्यायचं आणि आडनाव सगळ्यांना एकच, होम. माझ्या गोष्टीतलं बाळ त्या घरातलं आठवं. डॅनी होम.

मी त्या घराचा बॉयलरवाला. एमिल व्हान्यक. पहाटे पाचला तळघरात जायचं, राख काढायची, कोळसा घालायचा, वर पोरी उठायच्या आत घर गरम करायचं. एवढंच माझं काम. बाळाशी माझा काहीएक संबंध नाही, असं मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाई म्हणजे मिस थॉर्नक्विस्ट. घराच्या मुख्य. उंच, ताठ, आणि शिंक आली तरी परवानगी मागून शिंकेल अशी. मनानं वाईट नव्हती हो. पण नियम म्हणजे नियम.

आणि बाळाचे नियम होते डॉक्टर लेअर्डांचे. ते मनाचे डॉक्टर. लेकरं कशी वाढतात, त्यावर त्यांचा अभ्यास. त्यांचं म्हणणं असं, की मूल म्हणजे ओलं सिमेंट. जसा साचा तसं मूल. वेळेवर दूध, वेळेवर ऊन, वेळेवर झोप. रडलं म्हणून उचलायचं नाही, मुका घ्यायचा नाही, मांडीवर डुलवायचं नाही. सकाळी सहा म्हणजे सहा, त्याच्या आधी बाळाच्या खोलीचं दार उघडायचं नाही. बाईंचं मत निराळं. त्या म्हणायच्या, स्वभाव रक्तात येतो. एक बाळ जन्मतःच सोशिक, एक तापट, एक लाजाळू. साचा बिचा काही नाही, माळी कितीही हुशार असला तरी मुळ्याचं गाजर होत नाही.

दोघं दर गुरुवारी स्वयंपाकघरात पाय खात भांडायचे. पाय म्हणजे ते सफरचंदाचं, तुला माहितीच आहे. मी रेडिएटरच्या नळाशी खाटखूट करत ऐकायचो.

"डॅनीला बघा," डॉक्टर म्हणायचे. "आठ आया बदलतात, पण पोर रडत नाही, चिडत नाही. शिस्तीचा परिणाम."

"शांत स्वभावाचं आहे म्हणून," बाई म्हणायच्या. "त्याच्या आधीचं बाळ आठवा. शिस्त हीच होती, आणि घर डोक्यावर घ्यायचं."

"एमिल, तुमचं काय मत?" एकदा डॉक्टरांनी गंमतीनं विचारलं.

"माझं मत, या नळाला नवा वायसर लागेल," मी म्हणालो.

काय सांगणार होतो? खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. खरं असं होतं, की डॅनी रोज पहाटे पाचला उठायचा. माझ्या फावड्याचा आवाज झाला की उठायचा म्हण. आणि सहापर्यंत एकटाच रडायचा. आठ पोरी वरच्या मजल्यावर कान उशीत दाबून पडलेल्या, नियम मोडायचा नाही म्हणून. पहिले चार दिवस मी ऐकलं. पाचव्या दिवशी हात धुतले आणि गेलो वर. पाना हातात ठेवला, कुणी विचारलं तर रेडिएटर बघत होतो म्हणायला. खिडकीला दव गोठलेलं आणि हे चार महिन्यांचं पोर स्वतःच्या मुठीशी भांडतंय. उचललं. अगं, असं चिकटलं छातीला, की पान्याची आठवण राहिली नाही.

तेव्हापासून रोज. पाच वाजून दहा मिनिटं ते सहाला पाच कमी. मी त्याला घेऊन खिडकीशी उभा राहायचो आणि आमच्या चेक भाषेत काहीबाही बोलायचो. कोळसा ओला आलाय, दूधवाल्याचा घोडा लंगडतोय, असंच. तो माझ्या पट्ट्याशी खेळायचा. सहाच्या आत पाळण्यात ठेवायचो आणि तो गुपचूप पडून राहायचा. सहाला आई यायची, वहीत लिहायची, "बाळ आनंदी, शांत." त्या वहीत आठ रकाने होते. आठ आयांचे. बाळाशी कोण बोललं, किती वेळ, त्यानं काय केलं, सगळं लिहायचं. बॉयलरवाल्याचा रकाना नव्हता. कोण ठेवणार?

एकीला मात्र कळलं होतं. आर्डिस नावाची, शेतकऱ्याची पोरगी. डॅनीच्या झबल्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उठलेला तिनं पाहिला. मला म्हणाली, "एमिलकाका, रेडिएटर फार गळतो का हो पहाटे?"

मी म्हटलं, "हो गं. रोज."

"मग हात साबणानं घासा नीट," म्हणाली, आणि झबलं स्वतः धुऊन टाकलं. कुणाला बोलली नाही.

घरी मी रोझला सगळं सांगायचो. रोझ माझी बायको. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झालेली आणि घरात मूल नाही. ती जेवताना विचारायची, आज काय केलं त्यानं? दात आला का? कुठल्या बाजूला? तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या मापाचे मोजे विणून ठेवले होते. थंडी संपता संपता तिनं अनाथाश्रमाला पत्र टाकलं, हे बाळ आम्हाला द्याल का म्हणून. उत्तर आलं, छापील. कॉलेजची बाळं शास्त्रानं वाढवलेली, त्यांना मागणी फार. वकील, डॉक्टर रांग लावून असतात. डॅनीसाठी नेब्रास्कातला एक औषधवाला आणि त्याची बायको ठरलेत. शिवाय आमची वयं जास्त आणि आमचं चर्च वेगळं. रोझनं पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि आठवडाभर खसखशीचे गोड पाव भाजत सुटली. कोण खाणार होतं एवढे?

मग मेमध्ये माझा हर्निया फुटायला आला. दवाखान्यात टाकलं. तेव्हा हल्लीसारखं नव्हतं, तीन आठवडे उताणं पडून राहायचं. बॉयलरला दुसरा माणूस आला. मी डॅनीला सांगून गेलो नव्हतो. दहा महिन्यांच्या पोराला काय सांगणार, कसं सांगणार?

परत आलो तर आर्डिस मागच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होती. मला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"काका, डॅनी बिघडला," म्हणाली. "खात नाही. बडबडत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. वजन उतरलंय. आणि त्यातच डॉक्टरांनी परीक्षा घेतली."

ती परीक्षा तुला ठाऊक असेल. ठोकळे, कप, घंटा. या वयाला हे यायला हवं, त्या वयाला ते. आश्रमाला निकाल द्यावा लागायचा, दत्तक देण्याआधी. डॅनीनं ठोकळ्याला हात लावला नाही. घंटा पुढ्यात वाजवली तरी मान वळवली नाही. डॉक्टरांनी लिहिलं, मंद. शाळेच्या उपयोगाचा होणार नाही, मोठेपणी हलक्या कामापुरता.

आणि गंमत बघ, दोघांनाही कारण सापडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरींनी वेळापत्रक ढिलं केलं. बाई म्हणाल्या, रक्तातलं होतं ते आता वर आलं. गुरुवारी पाय खाऊन झाला आणि दोघांचं समाधान झालं.

दुसऱ्या पहाटे मी वर गेलो. डॅनीनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ओळखलं नाही असं नाही, पोरी. रागावला होता. मी उचललं तर अंग लाकडासारखं ताठ केलं. मी बोलत राहिलो, कोळशाचं, घोड्याचं. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं हात पुढे केला, माझा पट्टा मुठीत धरला, आणि मग असा रडला, असा रडला, की मी खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी त्यानं वाटीभर लापशी खाल्ली. आईनं वहीत लिहिलं, "भूक सुधारली. कारण कळत नाही."

घरी रोझला सांगितलं तर तिनं काटा खाली ठेवला.

"मंद म्हणालेत?"

"हो."

"मग नेब्रास्कावाले नाही घेणार."

"नाही."

"एमिल, मंद पोरं आश्रम कुणालाही देतो. माझी चुलत बहीण सांगत होती. कामकरी माणसांकडे, शेतावर, नाहीतर त्या मोठ्या संस्थेत टाकतात. आपण मागितला तर हो म्हणतील. पहिल्या दिवशी हो म्हणतील."

"तो मंद नाही, रोझ."

"मला काय सांगतोस? मला माहीत नाही का?" ती टेबलावरून पुढे वाकली. "खोटं बोल म्हणत नाही मी. काही करू नकोस. नुसता गप्प राहा. तुला काय विचारलंय कुणी? नळाचं मत विचारतात तुला. गप्प राहा, आणि महिन्याभरात तो या घरात असेल. मग तो किती हुशार आहे ते आपण बघू."

मी गप्प राहिलो. नऊ दिवस. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात गोड नऊ दिवस. रोझनं पत्र टाकलं, या वेळी उत्तर लगेच आलं आणि हातानं लिहिलेलं. "विचार होऊ शकेल." संध्याकाळी मी मागच्या खोलीत लाकूड रंधायचो, पाळणा नको म्हणून छोटा पलंग करत होतो, तो चार वर्षं पुरेल म्हणून. रोझ दारात उभी राहून सांगायची, कठडा उंच कर, तो चढेल.

दहाव्या दिवशी पहाटे मी खरोखरच रेडिएटर दुरुस्त करत होतो. डॅनी जमिनीवर बसलेला. वायसर सांडले होते माझे, पाच-सहा, लहान-मोठे. त्यानं एक उचलला, नळाच्या टोकाला लावून बघितला. बसेना. टाकला. दुसरा घेतला. तोही मोठा. तिसरा बसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाहिलंस का, अशा थाटात. अगं, अकरा महिन्यांचं पोर! माझ्या हाताखाली आलेले दोन दोन वर्षं शिकलेले उमेदवार असं करत नव्हते.

आणि मला तो कागद आठवला. तो कागद त्याच्याबरोबर जाणार होता. माझ्या घरी आला तरी कागद येणार होता. शाळेत आधी कागद जाणार, मग हा. मास्तर त्याला मागच्या बाकावर बसवणार, आणि हा नळाला वायसर बसवत जन्म काढणार. माझ्यासारखा. मला माझ्या कामाची लाज नाही. पण मी ते स्वतः निवडलं, निदान तसं वाटायला जागा होती. याच्यासाठी ते मी निवडायचं, आणि का? मला तो हवा होता म्हणून.

सहा वाजले. मी खाली गेलो नाही. त्याला कडेवर घेऊन तसाच उभा राहिलो. आई आली, किंचाळली, बाईंना बोलवायला धावली.

बाई घरच्या झग्यात आल्या. "एमिल! तुम्ही बाळाला हात लावलात?"

"रोज लावतो, बाई."

"रोज? कधीपासून?"

"आला तेव्हापासून. मी दवाखान्यात होतो ते तीन आठवडे सोडून."

 बाईंचे डोळे वहीकडे गेले. बाई हुशार होती. पण डॉक्टर नऊला आले आणि हसले.

"एमिल, लळा तुम्हाला लागलाय, त्याला नाही. या वयाचं मूल ओळखतं ते दूध देणाऱ्या हाताला. शास्त्र आहे हे."

"मी एक थेंब दूध दिलं नाही त्याला, साहेब. कधीच."

"मग तर प्रश्नच मिटला."

"मग परत परीक्षा घ्या. मी खोलीत असताना."

"परीक्षेला बाहेरचा माणूस चालत नाही."

"मी बाहेरचा नाही, बॉयलरवाला आहे," मी म्हणालो. "तुमच्या वहीत मी कुठं असतो? कधीच नसतो. आजही नसेन."

तेव्हा बाई बोलल्या. "घ्या परीक्षा, डॉक्टर." आणि पुढं, "माझंही चुकत असेल. तुमचंही चुकत असेल. बघू तरी."

मी रेडिएटरशी गुडघ्यावर बसलो, पाना घेऊन, पाठ करून. दुरुस्त करायला काही नव्हतं. डॉक्टरांनी ठोकळा ठेवला. डॅनी हलला नाही. त्यानं मान वळवून मला शोधलं. मी पान्यानं नळावर एकदा टक केलं, एवढंच. आणि तो वळला आणि त्यानं ठोकळा उचलला. कपात टाकला. दुसरा टाकला. मध्येच पुन्हा माझ्याकडे बघितलं, आहे का मी ते. होतो. तिसरा टाकला. घंटा उचलून वाजवली, उलटी करून आतला लोळा बोटानं हलवून बघितला. हे तर त्यांच्या यादीत दोन महिन्यांपुढचं होतं. डॉक्टर लिहीत होते, आणि त्यांची पेन्सिल भराभर चालायला लागली.

मला प्रत्येक ठोकळ्याचा आवाज ऐकू येत होता. मनात म्हणत होतो, पुरे रे. एखादा राहू दे. एखादा पाड खाली. पण पोर कुठं थांबतंय? मी बघतोय म्हणून जास्तच करत होतं.

निकाल बदलला. वरचा नंबर. जूनच्या शेवटी नेब्रास्कावाले आले. माणसं चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. औषधवाल्याच्या बायकोनं मला विचारलं, झोपताना याला काय आवडतं? डॉक्टरांना नाही, बाईंना नाही, मला विचारलं. मी सांगितलं, काहीही बोलत राहा, घोड्याबिड्याचं. ती मान डोलावून म्हणाली, आमच्याकडे घोडा आहे. गाडी टेकडी उतरेपर्यंत डॅनी मागच्या काचेतून बघत होता. मी हात केला नाही. हात केला असता तर त्याला वाटलं असतं मी येतोय.

नोकरी नाही गेली. बाईंनी जाऊ दिली नाही. पण पुढच्या बाळाच्या वेळी जिन्याच्या तोंडाशी दार आणि कुलूप बसवायचं ठरलं. ते मीच बसवलं. डॉक्टर एकदा तळघरात आले, कोळशाच्या ढिगावर रुमाल पसरून बसले आणि बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. किती मिनिटं धरायचो, काय बोलायचो. लिहून घेतलं सगळं. पुढं त्याचं काय केलं देव जाणे. पुढच्या बाळालाही आठच आया होत्या.

रोझ माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मग एक दिवस तिनं त्या छोट्या पलंगावर पांघरुणं रचायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की आता बोलेल. म्हणाली, "उंच आहे का रे ती बाई?" मी म्हटलं, "मध्यम." म्हणाली, "मोजे दिलेस ना?" मी दिले होते. यापलीकडे आम्ही कधी बोललो नाही. पण दर जूनमध्ये ती मनाशी वय मोजायची, ओठ हलायचे. यंदा शाळेत जाईल. यंदा सोळा. लढाईच्या बातम्या आल्या की रेडिओ बंद करायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता मी मोजतो. छत्तीस पुरी झाली असतील, सदतिसावं चालू. कधी कधी बाजारात त्या वयाचा माणूस दिसला की मी थांबतो. तो माझ्याकडे बघतो, हा म्हातारा काय बघतोय म्हणून. मी आपला पुढे जातो. त्याला माझं तोंडही आठवत नसेल, अकरा महिन्यांचं काय आठवतं कुणाला? तुमच्या शास्त्रात काय म्हणतात? राहू दे, सांगू नकोस.

आता एक ऐक. तू म्हणालीस त्या फायली ज्याच्या त्याला दाखवणार आहात. मागितली तर पुरी, एकही कागद न काढता. त्यात ती पहिली परीक्षा असेल. तो कधीतरी येईल, स्वतःची पोरं असतील बरोबर, आणि त्या टेबलाशी बसून वाचेल, मंद. कागद फाड म्हणत नाही, तुझी नोकरी जाईल. पण तुझ्याकडे पेन आहे. त्या पानाच्या खाली, जागा असेल तिथं, एवढं लिही माझ्यासाठी: या तीन आठवड्यांत एमिल दवाखान्यात होता. लिहिशील ना?